नैवेद्याआधी

फोन ठेवून गुरुदत्त ओट्याकडे वळला आणि थबकला. मिठाच्या दोन्ही वाट्या रिकाम्या होत्या. एक आमटीची, एक मसालेभाताची. दोन्ही त्यानं सकाळीच काट्यावर तोलून ठेवल्या होत्या. फोनवर कुणी बाई फ्रेंचमधून टेबल मागत होती आणि आज रेस्टॉरंट बंद आहे हे तिला पटवता पटवता त्याचा हात आपला चालत राहिला होता. एक वाटी भातात पडली, की दोन्ही आमटीतच गेल्या, ते त्याला काही केल्या आठवेना.

त्यानं आमटीवरचं झाकण उचललं, आत पाहिलं आणि परत ठेवलं. भाताचंही तसंच केलं.

दारात दोघी उभ्या होत्या. कॅनडातल्या ब्रॉसार्डच्या मराठी मंडळाच्या गणपतीचा नैवेद्य आणि सगळ्यांचं जेवण इथूनच जायचं होतं. ते न्यायला डॉक्टर सुहासिनीताई आल्या होत्या आणि त्यांच्याबरोबर मंडळात नव्यानं यायला लागलेली देवयानी.

"बघ, म्हटलं नव्हतं तुला?" सुहासिनीताई कौतुकानं कुजबुजल्या. "नैवेद्य दाखवेपर्यंत थेंबभरसुद्धा टेस्ट करत नाही. एवढा मोठा शेफ, पण सोवळं किती कडक. आपल्या मुलांना दाखवायला पाहिजे हे." मग मोदकांचे ट्रे उचलून त्या मागच्या पार्किंगमध्ये गेल्या.

देवयानी हलली नाही. सोवळं आणि हा? तरुणपणी साताऱ्याला तिच्याच घरी यानं नैवेद्याआधी पुरणात बोट घालून चाटलं होतं आणि वर "वेलदोडा कमी पडलाय" असं तिच्या आईला ऐकवलं होतं. आईनं ते पुरण गाईला घातलं आणि दोघांचं जमत आलेलं लग्न मोडलं. देवयानी तेव्हा एक शब्द बोलली नव्हती. याचं तिला आजही वाईट वाटत होतं.

"गुरू," ती म्हणाली.

तो वळला. केस पांढरे झाले होते, पण बघणं तेच.

"तू इथे?"

"मुलाकडे राहते. हे गेल्यावर त्यानं बोलावून घेतलं." तिनं आमटीच्या पातेल्याकडे पाहिलं. "चाख की."

"नैवेद्य व्हायचाय अजून."

"हे तू मला सांगतोस?"

तो ओट्याला टेकला.

"चव गेली माझी, देवयानी. त्या कोविडनंतर वास परत आला, चव नाही आली. तेव्हापासून सगळं वजनावर करतो. मंडळाला वाटलं, देवभक्ती आहे. मी वाटू दिलं." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "बाहेर कळलं तर संपलंच सगळं. चव नसलेल्या शेफकडे कोण येणार जेवायला?"

त्यानं एका स्वच्छ वाटीत डावभर आमटी घेतली आणि घोट घेतला. बराच वेळ तो तोंडात धरून ठेवला.

"गरम आहे," तो म्हणाला. "मला एवढंच कळतं."

देवयानीनं आयुष्यात नैवेद्याआधी काही जिभेला लावलं नव्हतं. माहेरी नाही, सासरीही नाही, आजारपणातसुद्धा नाही. तिनं हात पुढे करून त्याच्या हातातली वाटी घेतली.

"दुसरी घे. ती उष्टी आहे."

तिनं ऐकलं नाही. उरलेली आमटी ती सावकाश प्यायली.

"खारट झालीय. तोंडात धरवत नाही. दोन्ही वाट्या इथेच पडल्यात." तिनं पदर खोचला. "कुकरला डाळ लाव. वेळ आहे अजून."

"अगं, पण नैवेद्य..."

"देवाला मी सांगेन काय ते."

त्यानं डाळ धुवायला घेतली. तांब्याभर पाणी तिनं ओतलं.

मागचं दार उघडलं. "झालं का रे, गुरुदत्त?" सुहासिनीताई आत येत म्हणाल्या. "नैवेद्याचं पान भरून टाकू या?" आणि मग त्यांची नजर देवयानीच्या हातातल्या वाटीवर गेली. वाटीच्या कडेला आमटीचा ओघळ होता.

गुरुदत्तनं मान खाली घातली. तो काहीतरी बोलणार होता.

"थोडं थांबावं लागेल, ताई," देवयानी म्हणाली. "माझं चाखून व्हायचंय."

सुहासिनीताई बघतच राहिल्या. देवयानीनं वाटी लपवली नाही. तीच वाटी तिनं गुरुदत्तपुढे धरली.

"आता भात घाल यात."