परदेशी पिना

रेवजी वायरमनने रेडिओची वायर हातात घेतली आणि रूपचंद उंबऱ्याकडे सरकला.

वायरच्या टोकाला तीन जाड, चौकोनी पिना. भिंतीवर मात्र दोन बारीक गोल भोकं. त्याच्या बायकोच्या, जसोदाबाईच्या, भावाने मोठ्या हौसेने नैरोबीहून हा रेडिओ आणला, तेव्हा तापीकाठच्या या गावात वीज नुकतीच आली होती.

त्या दिवशी रूपचंदचा मुलगा प्रेमचंद वायरीपासून पिना कापायला कातर घेऊन बसला होता. बापानेच ती हिसकावली. "परदेशी वस्तू शे. कापू नको." बापापुढे बोलायची या घरात रीत नव्हती. मग पोराने सगळं गाव करायचं तेच केलं. पिनांना उघड्या तारा गुंडाळल्या, त्यांची टोकं भोकांत घातली आणि आगकाड्या कोंबून घट्ट केली. एक तार निसटली. ती सरळ करायला त्याने हात लावला. शॉक लागला आणि पोरगं जागीच गेलं.

जसोदाबाई तेव्हा माहेरी होती. रूपचंदने तिला सांगितलं, असल्या पिनांपुढे कुणाचंच काही चाललं नसतं. बिचारीने ते मानलं. नवऱ्याला कधी एका शब्दाने बोल लावला नाही. उलट ताटात आग्रहाने वाढायची, आणि तो अर्ध्या ताटावरून उठायचा.

पण रोज दिवेलागणीला ती बंद रेडिओला कान लावून बसू लागली. "मन्हा प्रेमचंद आतमा बोली ऱ्हायना," म्हणायची. लोक हळहळले. मग एका संध्याकाळी रूपचंदलाही आतून खाकरणं ऐकू आलं, हुबेहूब पोराचं. तेव्हापासून त्या वेळेला तो घरात थांबेना. शेवटी तिने रेडिओ सुरू करायचा हट्टच धरला. पोरगं काय म्हणतं ते तिला नीट ऐकायचं होतं. रेवजीला निरोपही तिनेच धाडला.

रेवजीने वायरीपासून पिना कापून टाकल्या, दुसरा प्लग लावला, स्क्रू आवळले. चुलीवर त्याच्यासाठी ठेवलेल्या चहाला अजून उकळी फुटली नव्हती. रेडिओ तापला आणि आत कुणीतरी कापसाचे भाव सांगू लागलं. रूपचंद मनातल्या मनात देवाचा धावा करत होता. हा प्रेमचंदचाच आवाज आहे म्हण, बाई. वेडी हो, पण एवढंच म्हण.

जसोदाबाईने रेडिओकडे पाहिलंही नाही. जमिनीवर पडलेल्या पिना तिने उचलल्या आणि रेवजीला विचारलं, "इतलंच काम व्हतं का, भाऊ?"