गुरुवारचे टाके

अकरा मणी लावून झाल्यावर मधुमतीबाईंनी त्यातले सात उसवले. समोर सिया चहा ओतत होती, म्हणून हे काम झग्याच्या घडीच्या आड. मणी पडल्याचा आवाज होऊ नये यासाठी डबीत कापूस घालून ठेवला होता. नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात तीस वर्षं शिवणखोली सांभाळलेल्या बाईला एवढी अक्कल असतेच.

काम खरं तर तीन महिन्यांचं. १९११ साली रशियन बॅलेवाले लंडनला आले, त्या काळातला एका नर्तकीचा झगा या छोट्या म्युझियमकडे होता. तो इतका विरलेला, की टांगला तर स्वतःच्या वजनाने फाटायचा. म्हणून तो पेटीत आडवा, आणि शरदातल्या प्रदर्शनासाठी त्याची हुबेहूब नक्कल. नारिंगी रेशीम, घोळदार पायजमा, चारशे वीस काचमणी. जानेवारीत स्वयंसेवक हवेत अशी पाटी लागली आणि मधुमतीबाई आल्या. आता जुलै निम्मा सरला होता.

"तेव्हा हे कपडे बघून सगळी फॅशन बदलली, मावशी," सिया कप पुढे ठेवत म्हणाली. ती इथली क्युरेटर; जन्म इथलाच, मराठी आईकडून उचललेलं. "प्रेक्षकातल्या बायका घरी गेल्या, कॉर्सेट फेकला आणि असेच सैल झगे शिवून घेतले."

"म्हणजे इंग्लंडच्या बायकांना श्वास घ्यायचा, तर रशियाहून माणसं यावी लागली. आम्हाला सांगायचं, चार सलवारी धाडल्या असत्या."

सिया हसली. या हसण्यासाठी मधुमतीबाई आठवडाभर एखादं वाक्य शिजवत ठेवत.

कारण झगा संपला की गुरुवार संपला. बाकीच्या सहा वारांचा हिशेब सोपा होता. सोमवारी कचऱ्याच्या बिन्स बाहेर ठेवायच्या. रविवारी ब्रॅकनेलहून मुलाचा, अपूर्वचा फोन, तोही गाडी चालवताना, आणि आईचं दुखणं गुडघ्यापर्यंत सांगून होतं न होतं तोच, "एक मिनिट, राउंडअबाउट आलाय." उरलेल्या चार दिवसांत मधुमतीबाई टीव्हीवरच्या बातमीदाराला अरे-तुरे करत.

तेव्हा अकरा लावायचे, सात काढायचे. गुरुवारला चार मणी, म्हणजे दिवाळी सहज गाठता आली असती.

पोरीला मात्र संशय नव्हता. उलट म्हणायची, "घाई नाही हां. तो बाही आधी नीट होऊ दे."

"ती बाही."

"ती बाही नीट होऊ दे."

पूर्वी तासात दोनदा कोणी ना कोणी सियाला हाक मारायचं. हल्ली कोणी फिरकत नसे. गळ्यातलं ओळखपत्रही तिने उकडतं म्हणून काढून टाकलं होतं. हाताखालच्यांवर कामं सोपवायला शिकली, मधुमतीबाईंनी मनात शाबासकी दिली. एवढी कामाची मुलगी, आणि आपण तिचे गुरुवार चोरतोय, हेही त्याच मनात आलं. ते त्यांनी चहाबरोबर गिळलं.

तेवढ्यात सियाचा फोन वाजला. ती बाहेर पॅसेजमध्ये गेली, पण दार लोटायचं राहिलं.

"पुढच्या शुक्रवारी कळेल," ती इंग्रजीत हळू बोलत होती. "नाही झालं, तर मला नॉटिंगहॅम सोडावं लागेल. नाही, इथे कोणाला सांगितलं नाही."

आत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. "हे-फीवर, परागांची ॲलर्जी," ती म्हणाली. मधुमतीबाईंना काही विचारायची गरजच नव्हती. प्रदर्शन तोंडावर, झगा अर्धा, आणि वरचे लोक जाब विचारणार या पोरीला. कोणामुळे, तर कापूस घातलेल्या डबीमुळे.

सिया कप विसळायला गेली. मधुमतीबाईंनी झगा घडी करून कोथिंबिरीच्या जुडीखाली पिशवीत सरकवला.

शुक्रवार ते मंगळवार त्या घरी खिडकीशी बसून राहिल्या. रविवारी फोन आला तेव्हा त्यांनीच अपूर्वला सांगितलं, "एक मिनिट थांब, दोरा ओवतेय." मंगळवारी चारशे विसावा मणी लागला. त्यांनी गाठ मारली, दोरा दाताने तोडला, आणि मग खूप वेळ हात नुसते मांडीवर ठेवले.

बुधवारी त्या म्युझियमच्या काउंटरवर उभ्या राहिल्या. तिथे रवी होता, नागपूरचा. गुरुवारी जाता-येता "काय काकू" म्हणणारा.

"सियाला बोलाव रे. म्हणावं, झगा झाला. वरच्यांना आजच दाखव."

रवीने झग्याकडे पाहिलं. "सुंदर झालाय, काकू. पण आज बुधवार आहे."

"मग? बुधवारी सुट्टी असते का तिला?"

"तुम्हाला बोलली नाही ती?" रवीने आवाज खाली आणला. "प्रदर्शन मार्चमध्येच रद्द झालं. तिची नोकरीही तेव्हाच गेली."

"काहीतरीच काय. दर गुरुवारी असते की ती."

"असते ना. व्हिजिटर म्हणून सही करून आत जाते." त्याने रजिस्टर त्यांच्याकडे फिरवलं. "'कोणाला भेटायचंय' या रकान्यात दर वेळी तुमचंच नाव लिहिते."