डाव्या-उजव्याची चूक

अंगणात दोरीने ओढून आणलेल्या एमजीपाशी रमजान मिस्त्री उकिडवे बसले होते. आजोबांनी विलायतेला परतणाऱ्या साहेबाकडून घेतलेली ही दोन माणसांची उघडी गाडी अप्पासाहेबांनी जिवापाड सांभाळली. गेल्या आठवड्यात घाटात ती उलटली नि ते गेले. शेजारी बसलेल्या पत्नी कुमुदिनीबाई वाचल्या.

ओसरीवर सासूबाई कुणाला तरी ऐकवत होत्या, "हिलाच कीर्तनाला पोचायची घाई! 'जोरात घ्या' म्हणाली."

मिस्त्री जवळ उभ्या कुमुदिनीबाईंना हलकेच म्हणाले, "वहिनीसाहेब, वेगानं नाही झालं. हिच्या चाकाला मधोमध एकच मोठा नट. डावीकडचे आटे सुलटे, उजवीकडचे उलटे, म्हणजे धावताना नट आवळत जातो. दसऱ्याला अप्पासाहेबांनी स्वतः हब, म्हणजे चाक बसतं तो आट्यांचा तुंबा, काढून ग्रीस भरलं, तेव्हा डावं-उजवं बदललं. धावता धावता नट सुटला, चाक निखळलं. मी सांगतो आईसाहेबांना."

कुमुदिनीबाईंनी अपघातानंतर पहिल्यांदाच मोकळा श्वास घेतला. तेवढ्यात ओसरीवरून हुंदका आला, "त्या गाडीचा कण न् कण ठाऊक होता हो माझ्या लेकाला!"

"नका सांगू, मिस्त्री. त्यांच्यापाशी आता एवढंच उरलंय," म्हणत पदर सावरून त्या बोलणी खायला ओसरीवर गेल्या.