अकरा नंबरचा वाफा

“बस लावायला उत्तम जागा आहे,” एजंट म्हणाला. “चारी बाजूंनी दगडी भिंत. दरवाजा तेवढा मोठा करायचा. हिंजवडीच्या कंपन्या रांग लावतील.”

ऋषीनं बहिणीकडे पाहिलं नाही. सरोजिनी अंजिराखालची पानं गोळा करत होती.

“बस नको,” ती म्हणाली.

एजंटला काय चुकलं ते कळलं नाही. सव्वा वर्षापूर्वी या दोघांची आई, विमलाबाई, औंधच्या रस्त्यावर अशाच एका कंपनीच्या बसखाली गेली होती. डोक्यावर याच मळ्यातल्या मेथीची पाटी होती.

मळा म्हणजे पूर्वी एका सरदारांची परसबाग. त्यांच्या मुदपाकखान्यासाठी भिंत घालून राखलेली, पाऊण एकराची. सरदार गेले, त्यांचा बंगला गेला, भिंत आणि तिच्या आतली भाजी राहिली. सरोजिनीचे पणजोबा तिथे माळी होते. कुळकायद्यात जमीन त्यांच्या घरात आली. आता ती या दोघांच्या नावावर होती.

“लग्नाचं लॉन नको, हॉटेल नको, बस नको,” एजंट गेल्यावर ऋषी म्हणाला. “मग काय करायचं? तू लायब्ररीतली नोकरी सोडून खुरपणार आहेस का?”

“वीस वाफे पाडू. एकेक भाड्यानं देऊ. तुझ्या ऑफिसातल्या लोकांना शनिवार-रविवारी काहीतरी हवंच असतं.”

“ते लोक जिमलासुद्धा दोनच महिने जातात, ताई.”

“एक वर्ष दे.”

ऋषी प्रोजेक्टसाठी अमेरिकेला निघाला होता. “परत येईन तेव्हा मळा हिरवा असला तर ठेवू,” तो म्हणाला. “नाहीतर पुढच्या एजंटला तू नाही म्हणायचं नाही.”

तिनं मान हलवली.

वाफे चिठ्ठ्या टाकून वाटले. प्रत्येकाकडून फॉर्म भरून घेतला. नाव, कंपनी, पत्ता, रक्तगट.

“मॅडम, रक्तगट कशाला? मुळ्याला लागतो का?” एका मुलीनं विचारलं.

“विळा लागला तर तुम्हाला लागतो.”

अकरा नंबरची चिठ्ठी डब्यात नव्हती. विहिरीजवळचा तो वाफा विमलाबाईंचा, हे सगळ्यांना माहीत होतं.

तिसऱ्या शनिवारी दारात चाळिशीचा एक माणूस येऊन उभा राहिला. चपला काढून हातात धरलेल्या.

“वाफा भेटते म्हणे इथं? बद्रीनाथ म्हणतात मले. वाशिमकडचा आहो.”

“अकरा नंबर घ्या,” सरोजिनी म्हणाली. “विहिरीजवळचा.”

फॉर्म द्यायचं तिच्याकडून राहून गेलं. बद्रीनाथ वाफ्याच्या कडेला बराच वेळ उकिडवा बसून राहिला आणि मग मातीत उतरला.

मार्च उजाडेपर्यंत ऑफिसवाले गळाले. कोणाचं सॉफ्टवेअरचं रिलीज होतं, कोणी ऑनसाइट परदेशात गेलं. बद्रीनाथनं न सांगता बाकीच्या एकोणीसही वाफ्यांना पाणी द्यायला सुरुवात केली. मार्केट यार्डातून बियाणं आणलं. चाकवत लावला, अंबाडी लावली. आधी शनिवारी यायचा, मग रोज सकाळी येऊ लागला. सरोजिनीनं त्याला दाराची दुसरी किल्ली करून दिली.

तो पायरीवर एक जुडी ठेवून जाई. ती घरी नेऊन निवडी, शिजवी, खाई. चव तिला कळत नसे. तशी ती हल्ली कशाचीच कळत नव्हती.

डिसेंबरात ऋषी आला. मळा या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवा होता. तो विहिरीपर्यंत चालत गेला आणि थांबला.

“आईचा वाफा कोणाला दिलास?”

“बद्रीनाथना. सगळं तेच बघतात.”

“पगार किती?”

“घेत नाहीत.”

“ताई, पुण्यात फुकट कोण राबतं? इतके महिने किल्ली त्याच्याकडे, राबता त्याचा. उद्या कब्जा सांगेल. बिल्डरचा माणूस आहे हा, लिहून घे.”

“मळा हिरवा आहे.”

“त्याच्या जिवावर. उद्या सकाळी मी विचारतो त्याला, कोण आहेस, कोणी पाठवलं. सरळ सांगितलं नाही तर बाहेर. मग बघू किती दिवस हिरवा राहतो.”

बद्रीनाथ विहिरीच्या कठड्यापलीकडे नळी गुंडाळत होता. त्याला सगळं ऐकू गेलं होतं.

सकाळी ऋषी यायच्या आत त्यानं किल्ली आणून सरोजिनीपुढे ठेवली. ती घेवड्याच्या शेंगा तोडत होती.

“ताई, भाऊ विचारतील त्याच्या आधी सांगतो. मी बिल्डरचा नाही. मी डायवर होतो.” तो थांबला. “तुमची आई ज्या बसखाली गेली, ती बस मीच चालवत होतो. केस चालू आहे.”

सरोजिनीचा हात थांबला नाही.

“त्या दिवसापासून स्टिअरिंगले हात नाही लावला. वॉचमनकी करतो. एक दिवस सकाळी पाहतो तं खोलीच्या दाराखालून कागद सारलेला. वाफे भेटतील म्हणून, अन् खाली पत्ता. तो पत्ता केसच्या कागदात वाचून वाचून पाठ झालेला. आजूबाजूच्या एकाही खोलीत तसा कागद नव्हता, ताई. वाटलं, देवानंच टाकला.”

“मी टाकला होता,” सरोजिनी म्हणाली. “तुमचा पत्ताही त्याच कागदांत होता.”