वाकलेली रोपं

दुकानदार म्हणाला होता, "मास्तर, दिवा बरोबर मधोमध लावा, रोपं सरळ वाढतील." मास्तरांनी तसाच लावला. काचेच्या टँकच्या तळाला सकस माती, वर बारीक वाळू.

तरी पाण्यातली रोपं आईच्या पलंगाकडे वाकली. महिन्याभरात आई गेली. मग रोपं बायकोच्या खुर्चीकडे वळली. बायकोही गेली.

मास्तरांनी माती बदलली, दुप्पट उजेडाचा दिवा आणला, जुनी रोपं उपटून नवी लावली. मग स्वतःच काचेसमोर ठाण मांडून बसले. "वाकायचंच तर माझ्याकडे वाका."

चौथ्या दिवशी रोपं वाकली, पण त्यांना टाळून, खिडकीत वाचत बसलेल्या लेकीकडे.

"तू आतल्या खोलीत बस," मास्तर कसंबसं म्हणाले.

"बरं, बाबा."

ती उठून चालू लागली, तशी पानं तिच्याबरोबर वळत गेली.