तळघरातली मुलगी

“आता बघ हं,” आई लेकीला म्हणाली. “आता ती एकटी तळघरात उतरते.”

पडद्यावर घड्याळजीचं दुकान होतं. घड्याळं पळवणारा चोर त्याच्याच तळघरात लपला होता. हा कार्टूनचा रहस्यपट आईने लहानपणी एकदाच पाहिला होता. पुढे तो कोणी पाहिल्याचं ऐकिवात नव्हतं. मामाने महिनाभर खटपट करून तो कुठून तरी मिळवला. आज तिघं सोफ्यावर दाटीवाटीने बसली होती.

या खटाटोपाचं कारण होती लेकीची सायकल. नव्या घरात येऊन दीड महिना झाला, तरी ती इमारतीच्या तळघरातच होती. तिथला दिवा खाली पोचल्यावरच लागायचा. मुलगी रोज पहिल्या पायरीवरून परत फिरायची. आई शहराच्या जमिनीखालच्या जलवाहिन्या तपासायची. कमरेला दोर बांधून उतरायची. “हे मला सिनेमातल्या त्या मुलीने शिकवलं,” असं ती सांगायची.

पडद्यावरच्या मुलीने तळघराचं दार उघडलं. आत डोकावली. किंचाळली. पळत सुटली ती थेट घरी, पलंगाखाली. चोराला पकडलं एका जाड्या हवालदाराने.

“उतरली कुठे?” मुलगी म्हणाली. “ही तर माझ्यासारखीच आहे.”

आई भावाकडे वळली. “दादा, तू माझे डोळे झाकले होतेस. कानात सांगत होतास. मेणबत्ती विझली तरी ती थांबली नाही, तिने चोराची कॉलर धरली. पायऱ्यासुद्धा मोजल्या होत्यास. नऊ.”

“तू भोकाड पसरायच्या बेतात होतीस. काहीतरी सांगणं भाग होतं.”

“म्हणजे धडधडीत खोटं? समोर दिसत असताना?”

मामाने चष्मा काढून शर्टाला पुसला. “दिसत कुठे होतं? एक हात तुझ्या डोळ्यांवर होता, दुसरा माझ्या.”

आई हसत सुटली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मुलगी हसली नाही. तिने मामाला एकदा नीट न्याहाळलं. मग उठून खिळ्यावरची सायकलची किल्ली घेतली आणि मामाचा हात धरून त्याला जिन्यापर्यंत ओढत नेलं.

खाली मिट्ट काळोख होता. ती पहिल्या पायरीवर थांबली.

“मामा, तू डोळे मीट,” ती म्हणाली. “काय दिसतंय ते मी सांगते.”