मेर्बाबूच्या पायथ्याशी

"कसं वाटलं हे?" शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं. तेही गाणं अजून चालू असताना, आणि मागच्या तीन रांगांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

पालुपीनं दात आवळले. सकाळपासून हा सहावा बँड होता आणि सहाव्यांदा तोच प्रश्न. ती सेमारांग शहरातून इथं मेर्बाबू डोंगराच्या पायथ्याशी आली होती ती गाणी ऐकायला. संध्याकाळी रेडिओवर तिला या महोत्सवाबद्दल बोलायचं होतं, आणि लोक तिच्या बोलण्याची वाट बघायचे, कारण ती कुणाची भीड ठेवत नसे.

"काका, गाणं संपू तरी द्या," ती फोनमध्ये टिपणं करता करता पुटपुटली.

"काय म्हणालात?"

तिनं मान वर केली. "म्हटलं, रडगाणं आहे! तीन टोप्या, एक युकुलेली आणि प्रेयसी सोडून गेली म्हणून कॉफी कडू लागतेय. साखर घाल म्हणावं."

म्हातारा मनापासून हसला. बोयोलालीचे सुगियार्तो, अशी त्यानं सकाळीच ओळख करून दिली होती. गळ्यातली आयोजकांची निळी फीत त्यानं सदऱ्याच्या खिशात कोंबली होती, पण पालुपीच्या नजरेतून ती सुटली नव्हती.

पुढचा बँड आला. गायकानं आधी पूर्वजांना वंदन केलं, मग डोंगराला, मग भातखाचरांना. एवढं होईपर्यंत लोक भजी आणायला उठले. वाद्यं सुरू झाली तेव्हा बांबूचा अंगक्लुंग कुठं आणि गिटार कुठं, कशाचा कशाला मेळ नव्हता. मध्येच कर्ण्यातून अशी कर्कश शीळ निघाली, की पालुपीनं दोन्ही कानांवर हात दाबले. सुगियार्तो शांतपणे उकडलेल्या शेंगा सोलत होते.

"आणि हे?"

"पूर्वज उठून आले असते तर गिटार हिसकावून घेऊन गेले असते."

"म्हणजे सूर बरोबर नव्हते?"

"सूर? काका, कान आहेत ना तुम्हाला?"

ते नुसते हसले आणि शेंगांचा पुडा पुढे केला. पालुपीनं घेतल्या नाहीत. तिच्या डोक्यात आता वेगळीच शंका घोळत होती. गेल्या वर्षी सोलो शहरात असाच एक गोड बोलणारा गृहस्थ शेजारी येऊन बसला होता. दिवसभर तिचं मत काढून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या कार्यक्रमात तिचीच वाक्यं जशीच्या तशी ऐकवली. लोक उलट पालुपीलाच चोर म्हणाले. हाही त्यातलाच दिसतोय. निळी फीत, सारखे प्रश्न, आणि बोलताना तोंडाकडे असं टक लावून बघणं, जणू एकेक शब्द पाठ करतोय.

दुपार कलली. शेवटचा बँड आला तेव्हा निम्मं मैदान रिकामं झालं होतं. चार मुली. एक तंतुवाद्य घेऊन बसली, दोघी गाणाऱ्या, आणि चौथीच्या मांडीवर मृदंगासारखा केंडांग. ना भाषण, ना वंदन.

केंडांगवर पहिली थाप पडली आणि पालुपीचा अंगठा फोनवरच थांबला.

भात कांडताना बायका म्हणतात तसलंच गाणं होतं, पण त्याखालून तो ढोल चालत होता. कधी मुसळासारखा, कधी धावत्या पावलांसारखा. एका जागी मुलीनं हात अलगद उचलला आणि सगळं मैदान श्वास रोखून त्या शांततेत उभं राहिलं. घरी निघालेली माणसं परत फिरली. पालुपीच्या अंगावर काटा आला. एवढा दिवस वाया गेला म्हणून ती चरफडत होती. आता वाटलं, याच्यासाठी आणखी दहा रडगाणी ऐकली असती.

संध्याकाळी काय बोलायचं, ते तिला अख्खं सुचलं.

"आणि हे, ताई? हे कसं होतं?" सुगियार्तो जवळजवळ तिच्या अंगावर झुकले होते. हातातला पुडा चुरगळला होता.

हे मात्र मिळणार नाही, पालुपी मनात म्हणाली. हे माझं आहे.

"सगळ्यात भिकार," ती एकेक शब्द तोडत बोलली. "आणि ती ढोलवाली! तिला ताल म्हणजे काय तेच माहीत नाही. घरी बसून भात कांडायला सांगा तिला."

सुगियार्तोंच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळे खाली गेले. "बरं झालं खरं सांगितलंत," ते म्हणाले.

पालुपी पिशवी आवरू लागली. एवढ्यात केंडांगवाली मुलगी मंचावरून उतरून गर्दीतून वाट काढत धावत आली. ती सुगियार्तोंपुढे उभी राहिली आणि एक शब्दही न बोलता दोन्ही हातांची बोटं भराभर नाचवून तिनं काहीतरी विचारलं. म्हाताऱ्यानं शेंगांचा पुडा बाजूला ठेवला आणि बोटांनीच उत्तर दिलं, लांबलचक, पुन्हा पुन्हा.

मुलीचे डोळे भरून आले. ती पालुपीकडे वळली.

"ताई, माझ्या जन्माआधीच बाबांचे कान गेले, ते ओठ वाचतात. म्हणून आयोजकांकडून फीत मागून घेते आणि कुणीतरी जाणकार बघून त्याच्या शेजारी त्यांना बसवते. ते म्हणताहेत, आजच्या दिवसात आमच्यासारखं कुणीच वाजवलं नाही असं तुम्ही म्हणालात. खरंच म्हणालात?"